शिकारीची गोळी : कायदा आणि करुणा

कोलकात्याला विमानाने जाणाऱ्या प्रवाशाला डमडम हे नाव परके वाटत नाही. तेथील विमानतळाला आज नेताजींचे नाव असले, तरी लोकांच्या बोलण्यात डमडम अजून टिकून आहे. परंतु जगातील अनेक भाषांत हे नाव गेले ते एका गोळीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गावी सरकारी दारूगोळ्याचा कारखाना होता. तेथे तयार झालेल्या एका गोळीवरून युरोपात इतका गहजब झाला, की १८९९ साली हेग येथे भरलेल्या शांतता परिषदेला तिचा विचार करावा लागला आणि तिच्या जातीच्या सर्व गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. मौज अशी, की माणसावर झाडण्यास जी अमानुष ठरली, त्याच जातीची गोळी हरणावर झाडावी, दुसरी झाडू नये, अशी सक्ती आज इंग्लंडचा कायदा करतो. एकाच वस्तूला रणांगणावर बंदी आणि अरण्यात सक्ती, या दोन्हींच्या मुळाशी करुणाच असू शकेल काय? मोठ्या शिकारीसाठी गोळी कोणती निवडावी हा प्रश्न वरवर पाहता बंदुकीच्या दुकानातला वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागले, म्हणजे तो सरळ या कोड्यापाशी येऊन पोहोचतो.

डमडमच्या गोळीची कथा अशी. जुन्या बंदुकांच्या गोळ्या मऊ शिशाच्या आणि जाड असत. त्यांचा वेग कमी असे, परंतु अंगात शिरल्यावर शिसे चेपून पसरे आणि जखम मोठी होई. १८८० नंतरच्या दशकात बिनधुराची दारू आली. तिच्या जोराने गोळीचा वेग एवढा वाढला, की उघडे शिसे नळीत टिकेना. तेव्हा शिशाच्या गाभ्यावर कठीण धातूचे कवच चढवण्यात आले आणि गोळीचा व्यासही कमी करण्यात आला. ब्रिटिश लष्कराची नवी रायफल .३०३ इंच व्यासाची होती. तिची गोळी दूर जाई आणि सरळ जाई, पण समोरच्या माणसाच्या देहातून अरुंद भोक पाडून पलीकडे निघून जाई. १८९५ सालच्या चित्रळच्या मोहिमेत अशी तक्रार झाली, की गोळी लागूनही हल्ला करणारा थांबत नाही. यावर डमडमच्या कारखान्यातील कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी साधा उपाय केला. गोळीच्या टोकावरचे कवच थोडेसे कमी करून त्यांनी आतले शिसे उघडे ठेवले. देहात शिरताच ते उघडे टोक चेपे, कवच मागे सरके आणि गोळी अळिंबीच्या छत्रीसारखी पसरे. वायव्य सरहद्दीवरील लढायांत या गोळीचा वापर झाला आणि तिच्या जखमांची वर्णने युरोपात पोहोचली.

त्या गहजबात शिकारीच्या गोळीचाही भाग होता. जर्मनीतील ट्यूबिंगेनचे शल्यविशारद प्राध्यापक ब्रुन्स यांनी अशा जखमांवर प्रयोग करून त्यांचे भीषण निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजांचा आक्षेप असा होता, की ब्रुन्स यांनी वापरलेली गोळी डमडमची नसून शिकाऱ्यांची होती आणि तिच्या टोकाला कितीतरी अधिक शिसे उघडे होते. हा आक्षेप खरा असला, तरी त्यातून एक गोष्ट उघड झाली. शिकाऱ्यांनी अशी गोळी सैन्याच्या आधीच जवळ केली होती आणि तिच्याबद्दल कोणी परिषद बोलावली नव्हती. हेग येथे ब्रिटन आणि अमेरिका यांनी बंदीच्या विरुद्ध मत दिले. तरीही माणसाच्या शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, ही घोषणा संमत झाली. १९०७ साली ब्रिटननेही ती मान्य केली.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहावी. इंग्लंड आणि वेल्स यांना लागू असलेला १९९१ चा हरणांविषयीचा कायदा असे सांगतो, की रायफलने हरीण मारायचे तर गोळी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची असली पाहिजे. संपूर्ण कवचाची लष्करी गोळी तेथे गुन्हा ठरते. स्कॉटलंडचा नियम याहून नेमका आहे. गोळी पसरणारी हवी, आणि तिचे रूप कसे बदलेल याचा आधी अंदाज बांधता येईल अशी तिची घडण हवी. अमेरिकेतील अनेक राज्यांतही मोठ्या जनावरांसाठी पसरणाऱ्या गोळीची अट आहे. म्हणजे सैनिकाच्या खिशात जी सापडली तर अपराध, ती शिकाऱ्याच्या खिशात न सापडली तर अपराध.

हा विरोध खरा नाही, हे थोड्या विचाराने ध्यानात येते. युद्धाचा हेतू शत्रूचा सैनिक लढाईतून बाद करणे हा असतो. तो जखमी झाला की बाद झाला. त्यानंतर त्याला उचलणारी डोली आहे, रुग्णालय आहे, शस्त्रक्रिया आहे, आणि पुढे कदाचित घरही आहे. म्हणून त्याची जखम भरून येण्याजोगी असावी, असा आग्रह मानवतेने धरला. जखमी सांबराला डोली नाही आणि वैद्यही नाही. अरुंद भोक पाडून गेलेली गोळी त्याला वाचवत नाही, केवळ त्याचे मरण लांबवते. ते झाडीत शिरते, पाण्याच्या शोधात भटकते, जखम कुजते, आणि दोन दिवसांनी गिधाडे घिरट्या घालू लागली म्हणजे ते कोठे पडले हे कळते. कधी तेही कळत नाही. सैनिकाच्या बाबतीत दया म्हणजे जगण्याची संधी, आणि ज्याला मारण्याचे ठरलेलेच आहे त्या जनावराच्या बाबतीत दया म्हणजे वेदनेचा काळ अगदी थोडा करणे. दोन्ही नियमांनी एकाच तत्त्वाने वेदनेचे माप घेतले आहे. मात्र मोजण्याची परिस्थिती वेगळी असल्यामुळे उत्तरे उलट आली.

ही वेदना थोडी कशी करायची, हे समजण्यासाठी गोळी जनावराला मारते कशी, ते पाहणे अवश्य आहे. धक्क्याने जनावर कोलमडून पडते, हा समज कथाकादंबऱ्यांनी पसरवला आहे. मेंदू किंवा मानेतील मज्जारज्जू छेदला गेला, तरच जनावर जागच्या जागी पडते. परंतु ती लक्ष्ये लहान आणि सतत हलणारी असतात. थोडी चूक झाली, तर जबडा फुटून जनावर उपासमारीने मरते. म्हणून जाणता शिकारी पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या पोकळीवर नेम धरतो. तेथे हृदय आणि दोन्ही फुप्फुसे आहेत. ती फाटली की रक्ताचा दाब एकदम खाली येतो, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या अवधीत हरीण शंभर पावले धावूही शकते, पण त्याचे ते धावणे शेवटचे असते.

गोळीकडून दोन कामांची अपेक्षा असते आणि ती एकमेकांना छेद देणारी आहेत. एक, तिने पसरावे, म्हणजे तिची वाट रुंद होईल. दुसरे, तिने खोल जावे, म्हणजे कातडे, स्नायू आणि बरगड्या ओलांडून ती फुप्फुसांच्या पार पोहोचेल. पसरणारी गोळी लवकर थांबते, आणि न पसरणारी गोळी काहीच न करता निघून जाते. फार मऊ गोळी मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर आपटून फुटते. वरवर पाहता भयंकर जखम होते, पण आतल्या अवयवांपर्यंत काही जात नाही. फार कठीण गोळी लहान हरणातून सुईसारखी निघून जाते. म्हणून चांगली गोळी कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या जनावरासाठी, किती अंतरावरून आणि किती वेगाने, हे ठरल्यावाचून उत्तर देता येत नाही.

या अडचणीतून वाट काढण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेत झाला. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा शिकारी कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीला गेला होता. त्याची रायफल जोरदार होती. परंतु चिखलाने माखलेल्या जाड कातड्यावर त्याच्या गोळ्या लगेच फुटल्या आणि खोल गेल्या नाहीत. वेग जास्त असल्यामुळेच त्या अपुऱ्या पडल्या होत्या. घरी परतल्यावर त्याने अशी गोळी घडवली, जिच्या मधोमध तांब्याच्या धातूची आडवी भिंत होती. पुढच्या कप्प्यातील शिसे पसरे, आणि भिंतीमागचा भाग शाबूत राहून गोळीला पुढे रेटत नेई. १९४८ पासून त्याने ती विकण्यास सुरुवात केली. आज या कल्पनेच्या अनेक तऱ्हा निघाल्या आहेत. कोठे कवच आणि गाभा एकजीव केलेला असतो, तर कोठे कवच मागे जाड आणि पुढे पातळ असते. हेतू सर्वांचा एकच, की गोळीने पसरावे, पण विखुरू नये.

कायद्याने यात आकड्यांची भर घातली. इंग्लंडच्या कायद्यात रायफलचा व्यास .२४० इंचांहून आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा १,७०० फूट-पाउंडांहून कमी चालत नाही. अगदी लहान जातीच्या दोन हरणांना मात्र सवलत आहे. एक पौंड वजन एक फूट उचलण्यास लागते ती एक फूट-पाउंड ऊर्जा. जर्मनीचा कायदा ऊर्जा १०० मीटर अंतरावर मोजतो. रो हे लहान हरीण असेल तर १,००० जूल, आणि त्याहून मोठी खुरांची जनावरे असतील तर किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि २,००० जूल. जर्मन रीत अधिक विचाराची वाटते, कारण जनावर नळीच्या तोंडाशी उभे नसते. तथापि या आकड्यांचे काम मर्यादित आहे. ते फक्त खालची पायरी आखून देतात. रायफल अमुक इतकी जोरदार असली म्हणजे शिकार दयाळू झाली, असे त्यातून निघत नाही. नॉस्लरच्या रायफलने यांपैकी प्रत्येक आकडा सहज ओलांडला असता.

पसरणारी गोळी हा नियम सर्व जनावरांना लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. हत्तीच्या मेंदूभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाड हाड असते. गेंडा आणि आफ्रिकेतील रानरेडा यांची हाडे व कातडी अशीच भक्कम. तेथे पसरणारी गोळी वाटेतच संपते. म्हणून अशा जनावरांसाठी न पसरणारी, संपूर्ण कवचाची किंवा एकसंध धातूची घन गोळी वापरली जाते. ती लष्करी गोळीची बहीणच म्हणावी. आफ्रिकेतील अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ इंच हा किमान व्यास ठरवला, तो मारणाऱ्याच्या आणि मरणाऱ्याच्या अशा दोघांच्याही हिताचा विचार करून. वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक अवघ्या ७ मिलिमीटरच्या रायफलने. हे उदाहरण लहान गोळीच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केले जाते. परंतु बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची जागा अभ्यासली होती, ही गोष्ट तेव्हा विसरली जाते. त्याची गोळी लहान असली, तरी ज्ञान अपुरे नव्हते. आणि त्याने मारलेल्या हत्तींची संख्या आजच्या वाचकाला अभिमानापेक्षा खंतच अधिक देईल.

अपुऱ्या गोळीची किंमत केवळ जनावरालाच मोजावी लागते असे नाही, हे भारताइतके कोणाला ठाऊक असणार? १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँ भागात चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळात २०० आणि कुमाऊँत २३६ अशा ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर होते. कॉर्बेट यांनी तिचे तोंड तपासले, तेव्हा उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा आणि खालचा मुळापर्यंत मोडलेला आढळला. बंदुकीच्या जुन्या जखमेने ते मोडले होते, आणि त्यामुळेच स्वाभाविक भक्ष्य मारणे अशक्य होऊन ती माणसाकडे वळली, असे त्यांचे अनुमान होते. ती गोळी कोणी झाडली, हे कोणालाच कळले नाही. झाडणारा त्या दिवशी बहुधा नेम थोडासा चुकला एवढेच मनाशी म्हणून घरी गेला असेल. त्या थोड्याशा चुकीचा हिशेब पुढे शेकडो घरांना चुकवावा लागला.

भारतीय कायदेकर्त्यांना या धोक्याची जाणीव होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा परवान्याने काही शिकार करता येत असे. त्या कायद्याच्या सतराव्या कलमात मोठ्या शिकारीसाठी रायफलच वापरावी, असे बंधन होते. छर्र्याची बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास मुभा हवी, आणि तीतूनही एकच अखंड गोळी झाडली पाहिजे. हे बंधन फार शहाणपणाचे होते. छर्र्याच्या काडतुसातील दाणे नळीबाहेर पडताच पांगू लागतात. थोडे अंतर गेले की दोन-चार दाणेच जनावराला लागतात, आणि तेही खोल जात नाहीत. त्याने सांबर किंवा रानडुक्कर मरत नाही, फक्त घायाळ होऊन पळते. १९९१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन शिकारीचे परवानेच जवळजवळ संपुष्टात आले, आणि त्यांच्याबरोबर हे कलमही गेले. मारायचेच नाही असे ठरल्यावर कसे मारावे याचा नियम कशाला, असा विचार त्यामागे असावा.

पाश्चात्त्य देशांत मात्र शिकार चालू राहिली आणि तेथे या प्रश्नाला एक नवे अंग फुटले. शिशाची गोळी जनावरात शिरली, म्हणजे तिचे बारीक बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात दूरवर पसरतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, क्ष-किरणांत दिसतात. शिकारी जनावर सोलतो आणि आतडी जंगलातच टाकून देतो. ती गिधाडे व गरुड खातात, आणि पोटातील आम्लात ते शिसे विरघळते. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा सुमारे साडेनऊ फूट पंखविस्ताराचा पक्षी १९८२ साली अवघा २२ उरला होता. १९८७ पर्यंत जंगलातील उरलेसुरले सर्व काँडोर पकडून पिंजऱ्यांत त्यांची पैदास करण्यात आली, आणि १९९२ पासून ते पुन्हा मोकळे सोडण्यात येऊ लागले. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली आहे. परंतु मोकळ्या पक्ष्यांच्या मृत्यूचे मुख्य कारण शिशाची विषबाधा हेच ठरले. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१३ साली कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. डेन्मार्कने २०२४ साली रायफलच्या शिशाच्या गोळीवरही बंदी आणली. ज्या जनावरावर गोळी झाडली त्याच्यापुरतीच शिकाऱ्याची जबाबदारी असते, ही समजूत यामुळे मोडली. जनावर क्षणात मेले तरी गोळी आपले काम करीतच राहते, आणि ज्याच्यावर कोणी नेमही धरला नव्हता असा पक्षी महिन्याभराने आकाशातून खाली येतो.

शिशाच्या जागी तांबे आले. संपूर्ण तांब्याची, टोकाला पोकळी असलेली गोळी देहात शिरताच पाकळ्यांसारखी उलगडते. तिचे वजन जवळजवळ कायम राहते आणि कण फारसे सुटत नाहीत. पण येथेही निवड डोळे झाकून करता येत नाही. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि प्रत्येक रायफलच्या नळीतील आटे तिला नीट फिरवू शकतील असे नाही. शिवाय तांबे शिशाहून कठीण. पुरेसा वेग नसेल तर पाकळ्या उघडत नाहीत, आणि गोळी पुन्हा त्या जुन्या लष्करी गोळीसारखी अरुंद भोक पाडून निघून जाते. म्हणून तांब्याची गोळी थोडी हलकी आणि वेगवान घ्यावी लागते, आणि फार लांबचा नेम टाळावा लागतो. कायद्यालाही या धातूपुढे वाकावे लागले. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशात मोठ्या हरणांसाठी गोळीचे वजन किमान १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम, ठरले होते. हलक्या तांब्याच्या गोळीला वाव मिळावा म्हणून २०२३ साली ही मर्यादा ८० ग्रेनवर आणण्यात आली. जुना नियम दयेसाठीच केला होता आणि नवा बदलही दयेसाठीच झाला. वस्तू बदलली की तिच्याविषयीचा दयाळू नियमही पुन्हा तपासावा लागतो.

इतकी काळजी घेऊन निवडलेली गोळी चुकीच्या हातात पडली तर? पोटात लागलेली उत्तमातील उत्तम गोळीही जनावराला तासन् तास तडफडवते. हे ओळखून नॉर्वेने मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी परीक्षा लावली आहे. १०० मीटरवरील लक्ष्यावर त्याने पाच गोळ्या झाडायच्या, आणि त्या पाचही ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडल्या पाहिजेत. त्याआधी ठरावीक सराव केलेला हवा. एवढ्यानेही भागत नाही. घायाळ हरणाचा माग काढणारे शिकवलेले कुत्रे उपलब्ध असले पाहिजे, अशीही अट आहे. यामागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. गोळी, नेम आणि माग ही एकाच कर्तव्याची तीन अंगे आहेत. पहिल्या दोहोंत चूक झाली, तर तिसऱ्याने ती निस्तरावी. जुने भारतीय शिकारीही घायाळ वाघाला झाडीत सोडून परतणे लाजिरवाणे मानीत. त्यांचा तो संकेत तोंडी होता, नॉर्वेने तो कागदावर आणला.

भारतात शिकार बंद आहे, तेव्हा येथे या चर्चेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. पण प्रश्न बंद झालेला नाही. आजच्या कायद्याच्या अकराव्या कलमान्वये माणसाच्या जिवाला धोका ठरलेले जनावर पकडता वा बेशुद्ध करता येत नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. कित्येक जातींच्या बाबतीत उभ्या पिकांचे नुकसान हेही कारण धरले जाते. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांना वर्षभरासाठी उपद्रवी ठरवण्यात आले, आणि पुढील वर्षी तेथे शेकडो नीलगायी मारल्या गेल्या. विदर्भातील शेतकऱ्याला रोही आणि रानडुक्कर यांचा त्रास किती आहे, हे तेथे जाऊन विचारावे. एका रात्रीत तुरीचे शेत झोपते. त्याचा संताप खोटा नाही. मारावे की मारू नये, यावर देशात कडाक्याचा वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु एकदा परवानगी मिळाली की कशाने मारावे याची विचारपूस तेवढ्या आस्थेने होत नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असते ती बहुधा छर्र्याची बंदूक. १९७२ च्या कायद्याने जी मोठ्या जनावरासाठी खास मुभेवाचून नाकारली होती, तीच नाइलाजाने हाती घेतली जाते. जंगलाच्या कडेला घायाळ रानडुक्कर सोडणे, हे त्या जनावराला जसे क्रूर, तसे दुसऱ्या दिवशी सरपणाला जाणाऱ्या बाईलाही घातक.

आणि गिधाडांच्या बाबतीत तर भारताने स्वतःच हा धडा घेतला आहे. येथे गिधाडे शिशाने मेली नाहीत. गुरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती मेली. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते औषध त्यांच्या पोटात गेले, आणि थोड्याच वर्षांत आकाश रिकामे झाले. २००६ साली गुरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला. जनावराच्या देहात माणसाने घातलेली वस्तू, मग ते औषध असो वा गोळी, त्या देहाबरोबर संपत नाही. म्हणून ज्यांना परवानगीने गोळी झाडावी लागते, त्यांनी तांब्याच्या गोळीचा विचार आधीच करून ठेवणे बरे. मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये, एवढी दक्षता तर कोणालाही घेता येईल.

डमडमच्या त्या कारखान्यात कवचाचा लहानसा भाग कमी करणाऱ्याला एवढ्या गोष्टी सुचल्या असतील, असे नाही. त्याला फक्त समोरचा माणूस थांबवायचा होता. पण त्या लहानशा भागाने जगाला एक प्रश्न विचारायला लावले, की मारणे भागच पडले तर त्यातली वेदना किती असावी, आणि ती कोणी मोजावी? युद्धाच्या बाबतीत राष्ट्रांनी एकत्र बसून त्याचे उत्तर दिले. जनावरांच्या बाबतीत काही देशांनी आकडे, परीक्षा आणि बंद्या यांच्या रूपाने ते दिले. तरी प्रत्येक वेळी शेवटचे उत्तर त्याच माणसाला द्यावे लागते, जो काडतुसाच्या पेटीतून एक गोळी उचलून रायफलमध्ये भरतो. त्या वेळी जनावर अजून झाडीआड असते. ते कोणत्या गोळीने मरणार, याची त्याला कल्पना नसते आणि तक्रार करण्याची सोयही नसते. त्याच्या वतीने विचार करण्याची संधी एकदाच मिळते, आणि ती घोडा ओढण्याच्या फार आधी, काडतुसाची निवड करताना येते. ती संधी ज्याने दवडली, त्याला पुढे कितीही हळहळ वाटली, तरी तिचा घायाळ जनावराला काही उपयोग नाही.